गरोदर मातांच्या रजिस्टरातले रेळेकर

तालुका आरोग्य अधिकारी डॉ. नाईकनवरे साहेबांनी माझं रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "वामन सीताराम रेळेकर. वय चोपन्न. धंदा शिवणकाम." मग रजिस्टर मिटून त्यावरचं नाव सगळ्यांकडे फिरवून दाखवलं. गरोदर माता तपासणी नोंदवही.

"ठोकळे सिस्टर, कितवा महिना आहे यांना?"

सगळे हसले. तोंडांवर मास्क होते, पण खांदे हलताना दिसतात. तालुक्यातल्या तीस-पस्तीस नर्सा आणि सुपरवायझर अंतर ठेवून बसलेल्या आणि मी मध्ये उभी. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते, खोटं कशाला बोलू.

"महिना नाही सर," मी म्हटलं. "लस टोचल्याला आज एकविसावा दिवस."

हसणं थांबलं. साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि रजिस्टर स्वतःच्या फायलींखाली सरकवलं. "मीटिंग झाल्यावर केबिनमध्ये या," एवढंच म्हणाले आणि पुढच्या उपकेंद्राचं नाव पुकारलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी निमसोंडच्या उपकेंद्रात कंत्राटी नर्स होते. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सात वर्षं काढली होती आणि चालू ऑर्डर एकतीस जुलैला संपणार होती. तो दिवस होता पाच जुलै, कोविडचं दुसरं वर्ष. एप्रिलमध्ये निमसोंडात एकोणीस माणसं गेली होती. त्यातल्या अकरा जणांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा मीच लावला होता. त्यामुळे लस आली तेव्हा मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. आणि निमसोंडकर मात्र दंड पुढे करायला तयार नाहीत. मी वस्तीवर गेले की दारं लागायची, म्हातारे शेतात पळायचे, आणि किराणावाले सदा चव्हाण दुकानाच्या फळीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवायचे.

बायकांनी शेवटी मला खरं कारण सांगितलं. "रेळेकर टेलर घेत न्हाईत तवर आमी न्हाय." रेळेकर गावातले एकमेव शिंपी. सगळ्या गावाची छाती, कंबर आणि उंची त्यांच्या वहीत होती. हा माणूस बोलायचा कमी आणि चुकायचा त्याहून कमी, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी त्यांच्या दुकानात गेले. ते परकराला नाडीची पट्टी लावत होते. मशीन थांबवलं नाही.

"मामा, तुमच्यामुळं माझं गाव अडलंय."

"मी कुणाला अडवलं न्हाय, सिस्टर. ज्याचा त्याचा दंड."

"मग तुम्ही का घेत नाही?"

आता मशीन थांबलं. त्यांनी गळ्यातला टेप काढून माझ्यासमोर धरला. "तेहतीस वर्सं झाली. माप घेतल्याबिगर कापडाला कात्री लावली न्हाय मी. तुमी येता, इचारता ताप हाय का, आन् टोचता. आधी माणूस कसा हाय हे बगत न्हाई. मागनं काय झालं तर म्हनणार, ह्याला आधीच हुतं."

"आधी काय बघू सांगा."

"तुमच्याकडं जे जे मोजायचं हाय ते समदं मोजा. आन् लिवून ठिवा. माझ्यादेखत."

कायद्याने याची काही गरज नव्हती. पण मला एवढंच कळलं, की या माणसाला समजूत नको होती, माप हवं होतं. मी त्यांना उपकेंद्रात आणलं. रक्तदाब घेतला, बोटाला टोचून साखर पाहिली, वजन केलं. मग ते म्हणाले, "लघवी?" आमच्याकडे लघवीतलं प्रथिन बघायच्या पट्ट्या असतात. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रथिन जातंय. पण त्या पट्ट्या गरोदर बायकांसाठी येतात आणि एकेक पट्टीचा हिशोब त्या एकाच रजिस्टरात द्यायचा असतो. मी पट्टी वापरली. पिवळीच राहिली. आणि जिथे लिहायची तिथेच लिहिली, एकशे बाराव्या ओळीत, एकशे अकरावी वैशाली आणि एकशे तेरावी रुक्साना यांच्यामध्ये. मासिक पाळीची शेवटची तारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख हे दोन रकाने मोकळे सोडले.

रेळेकरांनी सगळी ओळ बोट फिरवून वाचली. हसले नाहीत. शेवटच्या रकान्यात स्वतःची सही केली, खाली तारीख घातली, चौदा जून.

"काय झालं तर हेच पान काडायचं," ते म्हणाले.

"काढीन."

"कुनी काय बी म्हनलं तरी?"

"कुणी काहीही म्हटलं तरी, मामा."

त्यांनी बाही वर केली. त्या दिवशी त्यांच्यामागून एक्केचाळीस जणांनी लस घेतली. मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला.

तेवीस तारखेला सकाळी त्यांची बायको, सिंधूमावशी, उपकेंद्राच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला. "चला," म्हणाल्या. बाकी काही नाही.

रेळेकर खाटेवर बसले होते. डोळे इतके सुजलेले, की जणू रात्रभर रडले असावेत. त्यांनी मापाची वही माझ्यापुढे केली. गिऱ्हाइकांच्या नावांखाली शेवटचं नाव स्वतःचं होतं. घोटा, सोमवारी साडेनऊ इंच. मंगळवारी दहा. बुधवारी अकराला दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी.

"आन् लघवीला फेस येतूय," ते म्हणाले. "शेतात कळलं नसतं. नव्या संडासात पांढरं भांडं हाय, त्यात दिसलं."

मी पट्टी बुडवली. मिनिट थांबायचं असतं. अर्ध्या मिनिटातच ती गर्द हिरवी झाली. रक्तदाब एकशेसाठ. या पट्टीचा असा रंग मी गरोदर बायकांत दोनदाच पाहिला होता आणि त्यातली एक वाचली नव्हती.

"बरा चांगला मानूस हुता माजा," सिंधूमावशी दारातून म्हणाल्या. "हसत हसत तुमच्यासंगं आला. तुमच्या सुईनं घात केला." मला राग आला नाही. त्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

मी दुसरी ओळ लिहिली, तारीख-वेळेसकट. मग गाडी ठरवली आणि स्वतः त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे मूत्रपिंडाच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दाखल करून घेतलं, पाठीतून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि चार दिवसांनी आम्हाला बसवून सांगितलं. मूत्रपिंडाला सूज आहे. त्याची चाळणी सैल झालीय, म्हणून प्रथिन वाहून जातंय. गोळ्यांनी बहुतेक बरं होईल, पण महिनोन्‌महिने घ्याव्या लागतील, आणि उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

"लसीनंच झालं का?" सिंधूमावशींनी विचारलं.

"लसीनंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत, पण फार थोड्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लस न घेतलेल्यांनाही हा आजार होतो. कोविड झाल्यावरही होतो. त्यामुळे हो म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि नाही म्हणायलाही नाही. म्हणूनच कळवायचं असतं. शंभर ठिकाणाहून कळलं तर कुणीतरी मोजू शकेल." मग त्यांनी माझ्या रजिस्टरातलं पान पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "ही पहिली ओळ कुणी लिहिली?"

"मी."

"सिस्टर, आधी काही नव्हतं याचा कागद सहसा कुणाकडेच नसतो. ही ओळ जपा."

मी त्याच दिवशी फॉर्म भरला. लसीनंतर गंभीर त्रास झाला तर भरायचा, तो. आमच्या केंद्रातून तो तालुक्याला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं होतं, जुना आजार असावा, पुढे पाठवण्याची गरज नाही.

आणि मग ती मीटिंग.

केबिनमध्ये साहेबांनी पंखा बंद केला आणि दार लोटून घेतलं. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं.

"बसा. मगाशी हसायला नको होतं, चुकलंच माझं," ते म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील. "रेळेकर कसे आहेत?"

"सूज उतरतेय. गोळ्या चालू आहेत."

"चांगलं झालं. उपचार मिळतायत, तुम्ही वेळेत नेलंत, तुमचं कौतुकच आहे. आता हे." त्यांनी एकशे बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. "पुरुषाची नोंद गरोदर मातांच्या रजिस्टरात. ही चुकीची नोंद आहे, बरोबर?"

"रजिस्टर चुकीचं आहे. नोंद खरी आहे."

"चुकीची नोंद खोडायची असते. आडवी रेघ, खाली सही." त्यांनी लाल पेन माझ्यापुढे ठेवलं. "दुसरी ओळ राहू दे. माणूस आजारी पडला, तुम्ही तपासलात, झालं."

मी पेनाकडे पाहिलं. पहिली ओळ गेली की उरतो नुसता एक आजारी शिंपी, ज्याला आधीपासून काहीतरी असावं. रेळेकरांनी अगदी हेच शब्द मला दुकानात म्हणून दाखवले होते.

"सर, तुम्हाला हा फॉर्म का नको आहे?"

"माझी आई फेब्रुवारीत गेली. तिला लस मिळाली असती पंधरा दिवसांनी," ते म्हणाले. "निमसोंडात अजून निम्म्याच्या वर लोक राहिलेत. शेजारच्या सात गावांत तर तुमच्याहून वाईट आहे. ही ओळ उद्या कुणाच्या मोबाईलवर गेली की एक माणूस दंड पुढे करणार नाही. पुढची लाट आली की त्यांना जाळायचं कुठे ते मी बघायचं, तुम्ही नाही. एका नोंदीसाठी किती जणांचा जीव घालायचा, ते सांगा मला."

या माणसाला मी खलनायक समजत होते, तो नव्हता. तो घाबरला होता, आणि त्याच्या घाबरण्याला कारण होतं. मनात होतं ते बोलले.

"सर, तालुक्यातले कॅम्प धरून मी चार हजारांवर डोस टोचलेत. उद्याही टोचणार. माझ्या स्वतःच्या सासूला मी पहिल्या दिवशी टोचली. लस वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. पण त्या माणसाने दंड एका बोलीवर दिला होता. काही झालं तर लिहीन, ही ती बोली. आज मी खोडलं तर उद्या कुठल्या तोंडाने म्हणू, की काही होत नाही म्हणून? आम्ही नाही लिहिलं तरी त्यांचा फुगलेला चेहरा गाव बघतंच आहे. चेहरा एक सांगेल आणि वही दुसरं. लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतील."

"तुमची ऑर्डर एकतीसला संपते ना?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"हो."

"विचार करा."

घरी नवऱ्याची कारखान्यातली नोकरी गेलेली, मुलगी दहावीत. विचार करण्यासारखं होतं. पण खरं सांगायचं तर त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी पेन उचललं. त्यांना वाटलं खोडतेय, म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी एकशे बाराव्या ओळीच्या खाली, त्यांच्याच लाल पेनाने, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, "वरील नोंद खरी आहे. खोडण्यास सांगण्यात आले. खोडली नाही." खाली सही, तारीख, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. पेनाला टोपण लावून परत त्यांच्यापुढे ठेवलं, रजिस्टर उचललं आणि बाहेर पडले. जिना उतरून रसवंतीच्या बाकावर बसले तेव्हा कुठे रडू आलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने जिल्ह्याला गेले, फॉर्म आणि त्या पानाची झेरॉक्स लसीकरणाच्या कार्यालयात दिली आणि पोच घेतली.

गावात परतले तर फळीवरून सदा चव्हाणांनी हाक मारली. "सिस्टर, त्या पानाचा एक फोटू द्या. जगाला कळू द्या लस म्हंजी काय चीज हाय ती."

"पान रेळेकरांचं आहे. त्यांना मागा."

"तुमी तर सायबाशी भांडलाय म्हनं. मंजी तुमी आमच्या बाजूच्या."

"मी तुमच्या बाजूची नाही, सदाभाऊ. तुम्ही अजून घेतली नाही, तुमची आई पंच्याहत्तरची आहे. तिला सोमवारी आणा." ते थुंकून आत गेले. त्या आठवड्यात माझ्याशी गावात फारसं कुणी बोललं नाही. साहेबांना मी नकोशी, गावाला मी सुईवाली. जेवण जात नव्हतं, पण मान मात्र ताठ होती.

सव्वीस जुलैला शाळेच्या व्हरांड्यात कॅम्प लावला. साहेब स्वतः जीप घेऊन आले, का ते त्यांनी सांगितलं नाही. मी लसीचा डबा ठेवला, खुर्च्या मांडल्या, रजिस्टरं ठेवली. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. समोरच्या पारावर पंचवीस-तीस माणसं होती, सदाभाऊ मधोमध. आमच्या बाजूला कुणी येईना.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता, थकवा होता. मला वाटलं, हेच खरं असेल तर मी काय करून बसलेय?

तेवढ्यात रेळेकर आले. गोळ्यांनी चेहरा गोल गरगरीत झालेला, चालणं सावकाश. डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून ते दूर चिंचेखाली थांबले आणि मागून सिंधूमावशींनी त्यांच्यासाठी दुकानातलं स्टूल आणून ठेवलं. गळ्यात टेप होताच.

"सिस्टर, ते पान आना," ते म्हणाले.

मी साहेबांकडे पाहिलंही नाही. रजिस्टर नेऊन दिलं. त्यांनी ते मांडीवर उघडलं आणि पाराकडे तोंड करून वाचलं, एकेक शब्द अलग करून. चौदा जून, लघवीत काही नाही. तेवीस जून, लघवीत प्रथिन, रक्तदाब एकशेसाठ, सूज. मग थांबले आणि चष्मा नीट केला.

"आन् हितं तांबड्या शाईनं लिवलंय. वरील नोंद खरी आहे. खोडण्यास सांगण्यात आले. खोडली नाही."

माझ्यामागे साहेबांची खुर्ची किरकिरली.

"बघा, म्हनून सांगत हुतो मी," सदाभाऊ उठले. "तेंचं त्येच लिवत्यात. घिऊ नका."

"सदा, खाली बस," रेळेकर म्हणाले. "आजारी मी हाय, तू न्हाईस. हे लशीनं झालं का न्हाय, ते मोठ्या डाक्टरला बी ठावं न्हाय, तर तुला कुठनं कळलं? मला एवढं कळलं, की बाईनं माझं आधी माप घेतलं, मागनं घेतलं, आन् पोटावर पाय आला तरी वही खोटी केली न्हाई. मला वेळंत न्हेलं म्हनून मी हितं बसलोय. एप्रिलातल्या एकोनीस जनांना कुनी येळंत न्हेलं नव्हतं. ज्यानं त्यानं ठरवा." आणि बायकोकडे पाहिलं.

सिंधूमावशी माझ्याकडे आल्या. महिनाभर त्यांनी मला तोंड दाखवलं नव्हतं. खुर्चीत बसल्या आणि पदर आवळून घेतला.

"टोच," म्हणाल्या. "पन आधी माजं माप घे. त्येंचं घेतलं तसं. समदं."

मागे एक, त्याच्यामागे एक अशा बायका पारावरून उतरू लागल्या. प्रत्येकीचं तेच, आधी माप. माझ्याकडे दोन हात होते आणि चौतीस पट्ट्या. सुई भरायची, रक्तदाब घ्यायचा, लिहायचं, हे एकटीला होणार कसं, अशा विचारात मी होते तेवढ्यात टेबलापलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. साहेबांनी बाह्या दुमडल्या, रक्तदाबाचा पट्टा सिंधूमावशींच्या दंडाला गुंडाळला आणि चिंचेखालून परत आणवलेलं रजिस्टर स्वतःकडे ओढलं.

त्या दिवशी चौतीस जण झाले, सगळं गाव नव्हे. सदाभाऊंच्या आई नातीचा हात धरून मागच्या वाटेने आल्या. सदाभाऊंनी मात्र शेवटपर्यंत घेतली नाही. रेळेकरांच्या गोळ्या पुढच्या उन्हाळ्यात सुटल्या आणि पट्टी आजतागायत पिवळी आहे. जिल्ह्याला दिलेल्या फॉर्मवर तपासणी कमिटीचं उत्तर दीड वर्षाने आलं. लसीशी संबंध असू शकतो, निश्चित सांगता येत नाही. रेळेकरांनी ते दोनदा वाचलं, चार घड्या केल्या आणि मापाच्या वहीत ठेवलं. "निदान खोटं न्हाय लिवलं," म्हणाले.

एकतीस जुलैला माझी ऑर्डर निघाली, अकराऐवजी तीन महिन्यांची. साहेबांच्या वरचा कुणी नाराज होता, असं कळलं. तीन तर तीन. नंतर अकराची झाली.

ते रजिस्टर भरलं तेव्हा मी ते तालुक्याला जमा केलं नाही, पोच घेऊन झेरॉक्स जमा केली. मूळ अजून माझ्याकडे आहे. एकशे बारावी ओळ माझ्या अक्षरात आहे, तिच्याखाली लाल शाई आहे, आणि पुढे सव्वीस जुलैच्या पानावर चौतीस ओळी साहेबांच्या अक्षरात आहेत. पहिलीच आहे, सिंधू वामन रेळेकर, वय एकोणपन्नास, लघवीत काही नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा रकाना त्यांनीही मोकळा सोडलाय.